स्विफ्ट-बलेनोला १७ इंची अलॉय : इंच मोजू नका, रबर मोजा

टायरच्या दुकानात समोरच टांगलेला १७ इंची अलॉयचा (मिश्रधातूच्या रिमांचा) सेट आणि त्यावर चढवलेला २०५/४५ चा टायर. छोट्या गाड्यांच्या मालकांची नजर हमखास तिथेच जाते. बसवला की गाडी दिसतेही झकास. पण रोज ऑफिस, शाळा आणि महिन्यातून एकदा गाव एवढं करणाऱ्या गाडीसाठी हा सौदा महागात पडतो, आणि नुसता पैशात नाही.

स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचा टायर येतो १८५/६५ आर १५. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १५ हा रिमचा व्यास इंचात. ६५ म्हणजे टायरच्या उभ्या बाजूची, म्हणजे भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजेच १२० मिलिमीटर. पूर्ण चाकाचा व्यास भरतो साधारण ६२१ मिलिमीटर. आता २०५/४५ आर १७ चं गणित करा. भिंत ९२ मिलिमीटर, व्यास ६१६. म्हणजे चाक मोठं झालंच नाही, उलट पाच मिलिमीटरनं लहान झालं. मोठी झाली ती फक्त रिम, आणि तिची वाढ रबरातून कापून घेतली. त्या ९२ मधूनही रिमची कड सुमारे १७ मिलिमीटर वर आलेली असते. ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या रबराची) जाडी वगळली की दबायला जागा उरते जेमतेम सहा सेंटिमीटर, आणि गाडीच्या वजनानं टायर बसतो तो याच जागेत.

म्हणून पावसाळ्यात पाण्यानं भरलेला, धारदार कडेचा खड्डा आला की टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटला जातो. बाहेरून काही दिसत नाही, पण भिंतीच्या आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. आपटून झालेलं नुकसान सहसा वॉरंटीतही बसत नाही.

रिमचं दुखणं आणखी छुपं. वाकते ती बहुतेक वेळा आतली, गाडीखालची कड. हवा दर दोन-तीन दिवसांनी तीन-चार पीएसआय उतरते आणि पंक्चरवाल्याला खिळा काही सापडत नाही. अशा वेळी चाक काढून बॅलन्सिंग मशीनवर हळू फिरवायला सांगा आणि आतल्या कडेकडे बघा. वाकलेली जागा डोलताना दिसते. मग दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. ओतीव अलॉय गॅसनं तापवून, ठोकून सरळ करून देणारे भेटतील, पण तापवलं की धातूची ताकद जाते. तडा गेला असेल तर रिम सरळ भंगारात. लोखंडी रिम अशा वेळी बऱ्याचदा ठोकून सरळ होते, हा तिचा न दिसणारा गुण.

टायरनं न झेललेला धक्का पुढे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट या सस्पेन्शनच्या भागांकडे आणि व्हील बेअरिंगकडे जातो. त्यात ओतीव १७ इंची रिम मूळ चाकापेक्षा बहुधा जड, म्हणजे स्प्रिंगखालचं वजन वाढलं. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर सतत खडखड जाणवते ती यामुळेच. सिग्नलवरून निघताना गाडी जरा सुस्त होते, मायलेजही थोडं घटतं.

विक्रेता सहसा सांगत नाही ती गोष्ट म्हणजे लोड इंडेक्स, टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. १८५/६५ आर १५ वर ८८ लिहिलेलं असतं, म्हणजे टायरमागे ५६० किलो. साध्या २०५/४५ आर १७ वर ८४, म्हणजे ५०० किलो. ८८ हवा असेल तर 'एक्सएल' (जास्त वजन पेलणारा) टायर घ्यावा लागतो, आणि तो तेवढंच वजन पेलायला चार-पाच पीएसआय जास्त हवा मागतो. म्हणजे आधीच पातळ गादी, त्यात ती अजून कडक. हवा कमी ठेवून आराम मिळवायला गेलात तर पहिल्याच खड्ड्यात रिम गेली समजा.

बसवताना पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला की झालं, असं समजू नका. स्विफ्टचा पीसीडी ४×१००, म्हणजे चार नट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ, हबचं भोक ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक याहून मोठं असतं. फट भरणारी मधली रिंग न घालता बसवलं की ९०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगला लागतो. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) चुकला तर टायर कमानीला घासतो. नट टॉर्क रेंचनंच आवळून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्वस्त पडतो म्हणून १९५/५० आर १६ सुचवला तर नको म्हणा. त्याचा व्यास ६०१, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त कमी. गाडी दहा मिलिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो.

फायदा नाही असं नाही. वळणावर गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. पण साचलेल्या पाण्यातून वेगानं जाताना रुंद टायर लवकर तरंगतो, आणि कोकणात जाणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको.

मुळात १७ हा आकडा वाईट नाही. क्रेटाच्या २१५/६० आर १७ ला १२९ मिलिमीटरची भिंत आहे, स्विफ्टच्या १५ इंचीपेक्षा जास्त. कुशाकच्या २०५/५५ आर १७ ला ११३. आपल्या रस्त्यांवर भिंत १०० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असं आमचं मत. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटवाल्यांनी १६५/८० आर १४ वरून १८५/६५ आर १५ वर जावं. व्यास जवळपास तोच राहतो आणि तालुक्याच्या गावीही टायर मिळतो. २०५/४५ आर १७ साठी तिथे दोन दिवस मुक्काम करावा लागेल.

सेट आधीच घेतला असेल तर मूळ चाकं विकू नका. जूनच्या आधी ती चढवा, दिवाळीला पुन्हा अलॉय. आणि अलॉयचे नट खास चावीनं उघडणारे असतील तर ती चावी घरच्या ड्रॉवरमध्ये नको, डिकीत स्टेपनीशेजारी ठेवा.