बुडबुड्यांचे आकार: एकच व्यास, मोमेंट की वर्ग?

बबल कॉलम (द्रवाच्या उभ्या नळीत खालून वायू सोडतात तो) किंवा ढवळणीचा रिॲक्टर संगणकावर सोडवायचा, तर बुडबुड्यांचे आकार कसे धरायचे हे आधी ठरवावं लागतं. प्रक्षुब्ध प्रवाहात ते सतत एकमेकांत मिसळतात आणि फुटतात. वायूचा वेग कमी असून आकार जवळपास सारखे असतील, तर एकच व्यास धरा आणि पुढे चला. त्यात कमीपणा काही नाही.

आकारांची व्याप्ती मोठी असेल, तर पॉप्युलेशन बॅलन्सला, म्हणजे प्रत्येक आकाराचे बुडबुडे किती वाढले-घटले याच्या हिशेबाला, पर्याय नाही. तिथे खरी निवड दोन पद्धतींत आहे. वर्गपद्धतीत व्यासांचे दहा-वीस गट पाडून प्रत्येकासाठी एक समीकरण सोडवतात. आकारांचं पूर्ण चित्र हाती येतं, पण वेळ भरपूर लागतो. मॅकग्रॉ यांनी 1997 मध्ये मांडलेली क्यूएमओएम पद्धत आकारांच्या वितरणाचे फक्त मोमेंट (एकूण संख्या, एकूण पृष्ठफळ, एकूण आकारमान अशा बेरजा) पुढे नेते. सहा मोमेंटमधून तीन प्रातिनिधिक व्यास निघतात, त्यामुळे गणित हलकं होतं. मात्र मोमेंट सुटे सुटे वाहून नेताना त्यांचा आपसातला मेळ बिघडला, तर व्यास ऋण निघतो आणि सोडवणूक कोसळते. वायू द्रवात विरघळून बुडबुडे नाहीसे होत असतील, तर मी वर्गपद्धतच घेईन. शून्याकडे सरकणारे आकार तिथे सरळ हिशेबात येतात.

वेगाचा मुद्दा मात्र सुटू देऊ नका. हवा-पाण्यात साधारण 5.8 मिमीच्या आसपास लिफ्ट बलाची (बुडबुड्याला प्रवाहाच्या आडव्या दिशेने ढकलणाऱ्या बलाची) दिशा उलटते: लहान बुडबुडे भिंतीकडे जातात, मोठे मध्याकडे. सगळ्या वर्गांना एकच वेग दिला, तर वर्ग कितीही वाढवा, ही फारकत दिसणार नाही. निदान दोन वेगगट हवेत.

इतकं झाल्यावरही उत्तर बहुतेक वेळा पद्धतीवर नाही, कर्नेलवर ठरतं, म्हणजे बुडबुडे किती वेगाने आणि कसे फुटतात-मिसळतात हे सांगणाऱ्या सूत्रावर. फुटण्यासाठी लुओ-स्वेन्डसेन (1996) घेतलं, तर एक मोठा आणि एक बारीक तुकडा होण्याची शक्यता जास्त. मार्तिनेझ-बाझान (1999) जवळपास समान तुकड्यांकडे झुकतं. बारीक वर्ग भराभर भरू लागले, तर आधी याच निवडीकडे बघावं.

कर्नेलमध्ये एप्सिलॉन असतो, म्हणजे प्रक्षोभाची ऊर्जा विरण्याचा दर. हिंझे यांच्या 1955 च्या सूत्रानुसार हवा-पाण्यात एप्सिलॉन 1 वॅट प्रति किलो असेल, तर टिकणारा सर्वांत मोठा बुडबुडा सुमारे 2.4 मिमीचा, 0.1 असेल, तर जवळपास 6 मिमीचा. म्हणजे गणनेच्या जाड जाळीमुळे एप्सिलॉन दहापट कमी निघाला, तर तोच बुडबुडा लिफ्टच्या सीमेपलीकडे जातो आणि कॉलमच्या मध्याकडे वळतो. अशा वेळी कर्नेलचे गुणांक जुळवत बसणं मला पटत नाही. जाळी बारीक करावी.

मिसळण्यासाठी प्रिन्स-ब्लँच (1990) बहुतेकजण घेतात. दोन बुडबुड्यांमधला द्रवाचा पापुद्रा 10⁻⁴ मीटरवरून 10⁻⁸ मीटरपर्यंत पातळ व्हायला लागणारा वेळ आणि ते एकमेकांना टेकून राहण्याचा वेळ, या दोहोंची ते तुलना करतं. शुद्ध पाण्यात हा हिशेब चालतो. मीठ किंवा सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) असेल, तर पापुद्रा टिकून राहतो आणि मिसळणं कितीतरी कमी होतं. अशा द्रवासाठी पहिली धाव मिसळणं पूर्ण बंद ठेवून घ्यावी. मोजलेला साउटर व्यास (एकूण आकारमान आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तरावरून काढलेला सरासरी व्यास) तेवढ्यानेच जुळला, तर फक्त फुटण्याचं कर्नेल निवडायचं उरतं.