गणपती पेठेतील शाळूचे दुकान : द्राक्षपट्ट्यातील एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय

तासगाव भागात ज्या काळ्या रानांत पूर्वी शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी डोलत असे, त्यांतील अनेक रानांवर आता द्राक्षाचे मांडव आहेत, कृष्णाकाठी ऊस आणि हळद आहे, आणि वर्षाची ज्वारी मात्र शेतकऱ्याच्याच घरी विकत आणावी लागते. आमचे घरही त्यांतलेच, म्हणून सांगलीच्या गणपती पेठेतील ज्या दुकानातून आम्ही शाळू भरतो, त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

कोणत्या पोत्यातला माल कुठला, हे येथे मालक विचारण्यापूर्वीच सांगतात. जतकडचा शाळू, मंगळवेढ्याची मालदांडी (शाळूचाच एक वाण) आणि विजापूरकडून आलेला माल यांची पोती वेगळी ठेवलेली असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने हा वेगळेपणा मला फार मोलाचा वाटतो. दाणा टपोरा, पांढरा आणि दाताखाली टणक लागतो. अवकाळीत भिजलेल्या मालावर दिसतात तसे काळे ठिपके त्यावर नसतात. दळून आणलेल्या पिठाला विरी म्हणजे चिकटपणा चांगला असतो, त्यामुळे भाकरी थापताना कडा फाटत नाहीत आणि ती तव्यावर टम्म फुगते.

गेल्या खेपेस एका पोत्याच्या तळाशी कणी आणि खडे निघाले. दाखवल्यावर पोते बदलून मिळाले, पण चाळणीकडे अधिक लक्ष हवे. दर पेठेतील इतर दुकानांपेक्षा चढा आहे. त्याची माझी तक्रार नाही, कारण कोरडवाहू रानात शाळू टिकवून धरणाऱ्याच्या पदरात चार पैसे पडले नाहीत, तर तोही पीक बदलणार. पाणी पोहोचले की धान्य मागे पडते, हा आपल्या जिल्ह्याचा अनुभव आहे, आणि कृष्णेचे पाणी उचलून देणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पाणी आता जत तालुक्यातही गेले आहे. ऊस मोडला तर त्या रानात पुन्हा ज्वारी पेरता येते. द्राक्षबागेत मात्र लोखंडी अँगल, तारा, ठिबक आणि डॉगरिज या जातीच्या द्राक्षवेलीच्या खुंटावर बांधलेली कलमे यांत इतके भांडवल अडकते, की ते रान दहा-पंधरा वर्षे तरी धान्याकडे वळत नाही.

एक उणीव कोणत्याच दुकानाला भरून काढता येणार नाही. शाळू घरचा असला की दाण्याबरोबर कडबाही घरात येतो. आता दावणीला म्हैस असलेल्याला तो वेगळा विकत घ्यावा लागतो, नाहीतर उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, भागवावे लागते.

नवा माल काढणीनंतर, म्हणजे साधारण मार्चपासून येऊ लागतो. वर्षाची भरती करायची असेल तर त्याच सुमारास जावे, पोते उघडून तळचा दाणाही पाहावा, आणि घरी आणल्यावर कडक ऊन देऊन कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कोठीत भरावे.