जपानमधली ओस्टोमेट स्वच्छतागृहं : स्टोमा बॅग घेऊन फिरणाऱ्यांना ती किती उपयोगी?

स्टोमा (शस्त्रक्रियेने पोटावर केलेली वाट, जिथून शौच किंवा लघवी चिकटवलेल्या बॅगेत येते) असलेल्या माणसाला परदेश प्रवासात विमानापेक्षा संडासाची धास्ती जास्त असते. घरी कमोडशेजारी जेट स्प्रे असतो, नसला तर बादली आणि मग असतो. बॅग रिकामी केली, तिचं तोंड धुतलं, पुसलं, बंद केलं की काम संपलं. युरोप-अमेरिकेत पाऊल ठेवलं की हे पाणीच गायब होतं. हाती उरतो फक्त कागद. बॅगचं तोंड कागदाने पुसून भागतं, पण प्लेटखालून (बॅग पोटाला चिकटवणाऱ्या चकतीखालून) गळती झाली असेल तर त्वचा धुवावीच लागते, आणि बेसिन असतं दाराबाहेर, चार लोकांसमोर. ब्रिटनमध्ये १९८१पासून अपंगांच्या स्वच्छतागृहांसाठी एकाच प्रकारच्या किल्लीची योजना आहे. त्या किल्लीने बंद खोली उघडते, आत जागा ऐसपैस असते, बेसिनही असतं. पण ते हात धुण्याचं. त्यात शौचाची बॅग धुणं बरोबर नाही.

जपानने हा प्रश्न मुळातून सोडवला आहे. तिथे ओस्टोमेटसाठी, म्हणजे स्टोमा असलेल्या माणसासाठी, वेगळं सिंक असतं. साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या मोसमात महाराष्ट्रातून तिकडे इतके गट जातात, पण सहलीच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख सहसा नसतो. म्हणून या सोयीचं हे सविस्तर परीक्षण.

आत काय असतं

पूर्ण सोय असलेल्या ठिकाणी कमोडपासून वेगळं, कमरेच्या आसपास उंचीचं, खोलगट पांढरं सिंक असतं. त्याला स्वतःचा फ्लश असतो, म्हणजे सिंकमध्ये ओतलेलं सगळं कमोडसारखंच वाहून जातं. वर लांब नळीचा हँड शॉवर, गरम-गार पाण्याची मूठ, साबण, सामान ठेवायला फळी, कपड्यांसाठी हुक आणि समोर पोट दिसेल असा आरसा. काही ठिकाणी भिंतीतून खाली ओढायची फळी असते. तिच्यावर बूट काढून उभं राहायचं, म्हणजे कपडे बदलताना पाय ओल्या जमिनीवर पडत नाहीत. टोटो आणि लिक्सिल या तिथल्या मोठ्या सॅनिटरीवेअर कंपन्या हा सगळा संच तयारच विकतात, त्यामुळे एका ठिकाणची रचना कळली की दुसरीकडे फारसं शोधावं लागत नाही.

खरा फरक उंचीत आहे. साध्या कमोडवर बॅग रिकामी करायची तर मागे सरकून बसून बॅग दोन पायांमध्ये सोडावी लागते, नाहीतर समोर गुडघे टेकावे लागतात. पहिल्या पद्धतीत पाणी उडतं, दुसरीत जमिनीला हात लागतात. गुडघेदुखी असलेल्यांचे हाल तर विचारूच नका. सिंकपाशी सरळ उभं राहून काम होतं.

वापरायचं कसं

बॅग एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, हा नियम इथेही तोच. जास्त भरलेली बॅग वजनाने प्लेट ओढते. आत गेल्यावर शर्ट किंवा कुर्त्याची खालची कड क्लिपने वर अडकवा. साधा कपडे वाळत घालायचा चिमटाही चालतो. सिंकच्या तळाशी टॉयलेट पेपरचे दोन-तीन तुकडे टाका, म्हणजे पडताना शिंतोडे उडत नाहीत. बॅगचं तोंड आधी वर धरून उघडा, मग खाली करा. रिकामी झाली की तोंडाच्या आतला-बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटर भाग पुसून कोरडा करा. तिथे ओल राहिली की वास येतो. एकसंध (प्लेट जोडलेलीच असलेली) बॅग आतून धुवायची गरज नाही. धुतलीच तर पाणी वर प्लेटपर्यंत आणि कोळशाच्या फिल्टरपर्यंत जाऊ देऊ नका. भिजलेला फिल्टर हवा सोडत नाही आणि बॅग फुगते. युरोस्टॉमीवाल्यांनी (लघवीचा स्टोमा असलेल्यांनी) नळी उघडून सिंकमध्ये सोडलं की झालं.

प्लेट बदलायची असेल तर शॉवर खरा उपयोगी पडतो. जुनी प्लेट वरून खाली, त्वचा दाबत सोडवा. शॉवर चालू करण्याआधी पाणी मनगटावर घेऊन बघा. ही सूचना महत्त्वाची आहे : स्टोमाला चटका कळत नाही, त्यामुळे पाणी जास्त गरम असलं तरी तिथे जाणवणार नाही आणि भाजेल. धार हलकी ठेवा. स्टोमावर थोडंसं रक्त दिसलं तर घाबरू नका, नाजूक अस्तर घासलं की तसं होतं. रक्त थांबतच नसेल तर मात्र डॉक्टर गाठावा लागेल. त्वचा पूर्ण कोरडी करा. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटर मोठं हवं, आणि ते घरीच कापून आणलेलं बरं. मार्चअखेरीस तिथे हवा गार असते, थंड प्लेट कडक होते आणि नीट चिकटत नाही. लावण्याआधी ती मिनिट-दोन मिनिटं काखेत धरा, लावल्यावर तळहाताने किमान मिनिटभर दाबून ठेवा.

सिंकमध्ये टॉयलेट पेपरशिवाय काही टाकू नका. ओले वाइप, प्लेट, बॅग यांनी ते हमखास तुंबतं.

शोधायचं कसं

दारावर माणसाची आकृती असते आणि तिच्या पोटावर क्रॉसचं छोटं चिन्ह. तेवढं पाठ करा. जपानी लिपीत ‘ओस्टोमेट’ हा शब्द सहा अक्षरांचा आहे (オストメイト), उच्चार ‘ओसुतोमेइतो’. नकाशाच्या ॲपमध्ये तो जपानी अक्षरांत टाकून शोधलं की इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणं सापडतात. निघण्याआधीच शब्द फोनमध्ये कॉपी करून ठेवा.

सोय इतकी पसरली त्यामागे कायदा आहे. २००६च्या बॅरिअर-फ्री कायद्यानुसार २००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत स्वच्छतागृह असेल तर निदान एका ठिकाणी ही व्यवस्था द्यावी लागते. त्यामुळे विमानतळ, मोठी रेल्वे स्थानकं, मॉल, डिपार्टमेंट स्टोअर, सरकारी कचेऱ्या इथे ती मिळण्याची शक्यता चांगली. हायवेवरचे सर्व्हिस एरिया आणि ‘मिची नो एकी’ नावाचे रस्त्याकाठचे थांबे हेही भरवशाचे. मिची नो एकीत स्वच्छतागृह २४ तास उघडं असतं. बसने जाणाऱ्या गटांनी टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे चहाचा थांबा अशाच ठिकाणी घेता येतो. तोक्यो-ओसाका मार्गावरच्या १६ डब्यांच्या शिंकान्सेनमध्ये मोठं स्वच्छतागृह ११व्या डब्यात असतं. आरक्षण करताना त्याच्या जवळची जागा मागावी.

कोंबिनी, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकानं, छोटी रेस्टॉरंट, जुन्या गल्ल्या, डोंगरावरची देवळं इथे मात्र अपेक्षा ठेवू नका. क्योतोच्या जुन्या भागात हिंडायचं असेल तर स्थानकातच बॅग रिकामी करून निघा.

उणिवा

पहिली उणीव : चिन्ह एकच, पण दाराआड दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जागा कमी असेल तिथे वेगळं सिंक नसतं. कमोडच्याच मागे किंवा बाजूला छोटा नळ बसवलेला असतो. बॅग धुता येते, पण वाकावं लागतं आणि त्वचा धुणं अवघड जातं. प्लेट बदलायची असेल तर अशा ठिकाणी सुरुवात न करता शक्य असल्यास पुढचं ठिकाण गाठावं. जुन्या ठिकाणी कधी फक्त गार पाणी मिळतं.

दुसरी : बटणं. अनेकांची फजिती इथेच होते, फ्लश समजून मदतीचं बटण दाबलं जातं आणि कर्मचारी धावत येतात. जपानी मानकाप्रमाणे कमोडशेजारी कागदाच्या वर असतं ते गोल बटण फ्लशचं, त्याच्या पलीकडचं चौकोनी किंवा त्रिकोणी बटण मदतीचं. गोल म्हणजे पाणी, कोन असलेलं म्हणजे माणूस, एवढं लक्षात ठेवा. सिंकचा फ्लश वेगळा असतो, तो सिंकच्या भिंतीवरच शोधा.

तिसरी : ही खोली बहुधा एकच असते आणि व्हीलचेअरवाले, तान्ह्या बाळांचे आईबाप, वृद्ध सगळे तीच वापरतात. रांग लागते. २०२१मध्ये सरकारी मार्गदर्शनात ‘बहुउद्देशीय’ सारखी नावं टाळून सोयी वेगवेगळ्या खोल्यांत विभागण्यावर भर दिला गेला, तो याच कारणाने. नुसती बॅग रिकामी करायची असेल आणि साधी खोली मोकळी असेल तर तीच वापरावी. प्लेट बदलायला हातात सराव असेल तर १०-१५ मिनिटं पुरतात. तेवढा वेळ कुणी दार वाजवलं तरी गडबडू नका, तुमचा हक्क आहे.

चौथी : कचरा. जपानमध्ये रस्त्यावर कचरापेटी जवळपास नसते. ओस्टोमेट खोलीत झाकणाचा डबा असला तर त्यात, नाहीतर बॅग दोन काळ्या पिशव्यांत गुंडाळून हॉटेलवर न्यावी लागते. गाठ पक्की मारता येईल अशा पिशव्या रोज चार-पाच खिशात हव्यात.

हॉटेलच्या खोलीत हे सिंक नसतं. बाथटबवरचा हँड शॉवर काम भागवतो. कोलोस्टॉमीला (मोठ्या आतड्याच्या स्टोमाला) इरिगेशन, म्हणजे पाणी सोडून आतडं साफ करणाऱ्यांनी ते खोलीतच करावं, तासभर सार्वजनिक जागा अडवू नये. त्यासाठी पिण्यायोग्य पाणी लागतं. जपानात नळाचं चालतं. पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीला टांगायला हुक बरोबर न्या, कारण बाथरूममध्ये तो असेलच असं नाही.

ओन्सेन

गरम पाण्याच्या सामायिक कुंडात बॅग लावून उतरण्यात आरोग्याची अडचण नाही, आणि तिथलं आरोग्य मंत्रालयही लोकांना हे समजावतं. तरीही काही ठिकाणी नजरा किंवा हरकत वाट्याला येऊ शकते. ‘काशिकिरी’ म्हणजे तासावर मिळणारं खासगी कुंड घेतलं तर मन मोकळं राहतं. आधी बॅग रिकामी करा, फिल्टरवर बॅगबरोबर मिळणारं स्टिकर लावा, लहान बॅग असेल तर ती वापरा. गरम पाण्याने प्लेटचा चिकटपणा कमी होतो, म्हणून १० मिनिटांत बाहेर या आणि कडा तपासा.

पोट बिघडलं तर सगळी सोय अपुरी

इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) असलेल्यांनी तिथल्या काही पदार्थांशी जपून वागावं : कोन्न्याकु (कंदाची घट्ट जेली), त्याच्याच शिराताकी शेवया, एनोकी मशरूम, वाकामे आणि कोंबू हे समुद्री शेवाळ, बांबूचे कोंब, गोबो (एक तंतुमय मूळ), मोची (चिकट तांदळाचा गोळा). हे नीट पचत नाहीत किंवा चिकट गोळा होतो आणि स्टोमा अडण्याचा धोका असतो. साधा भात, ओकायु म्हणजे मऊ भाताची पेज, तोफू, उदोन (गव्हाच्या जाड शेवया) हे सुरक्षित.

बॅगमध्ये पाण्यासारखं येऊ लागलं तर नुसतं पाणी किंवा ग्रीन टी ढोसू नका. साधं पाणी मीठ घेऊन बाहेर पडतं. तिथे सगळीकडे मिळणाऱ्या पोकारी स्वेटमध्ये सोडियम लिटरला सुमारे २१ मिलिइक्विव्हॅलंट असतं, औषधाच्या दुकानातल्या ओएस-१मध्ये ५०, आणि आपल्या डब्ल्यूएचओ प्रमाणाच्या ओआरएसमध्ये ७५. फरक स्पष्ट आहे. १ लिटरची १० पाकिटं इथूनच न्या. लोपेरामाइड डॉक्टरांनी दिलं असेल तर चिठ्ठीसह न्यावं. कोडीनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी चौकशी करावी, जपानमध्ये त्यांना आगाऊ परवानगी लागू शकते.

इथून काय न्यायचं

तिथल्या साध्या औषधाच्या दुकानात स्टोमा बॅग मिळत नाही, ती खास विक्रेत्यांकडे असते. शिवाय दोन भागांच्या (प्लेट वेगळी असलेल्या) बॅगमध्ये दोन्ही जोडणाऱ्या कड्याची मापं कंपनीगणिक वेगळी : कोलोप्लास्टची ४०, ५०, ६०, ७० मिलिमीटर, कॉन्व्हाटेकची ३८, ४५, ५७, ७०, हॉलिस्टरची ४४, ५७, ७०. आकडा जुळला तरी एकीची बॅग दुसरीच्या प्लेटवर बसत नाही. म्हणून नेहमी लागतो त्याच्या दुप्पट साठा, आणि तो सगळा केबिन बॅगेत. कात्री चेक-इन सामानात टाका. चिकटपणा काढायला स्प्रेऐवजी वाइप घ्या, द्रवाच्या १०० मिलिलिटर मर्यादेचा प्रश्नच येत नाही. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब १८००-२४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी असतो, त्यामुळे पोटातला वायू फुगतो; चढण्याआधी बॅग रिकामी करा आणि कोल्ड्रिंक टाळा. विमानातल्या संडासात ओस्टोमेट सिंक नसतं, म्हणून दाबून धार सोडता येईल अशी २५० मिलिलिटरची रिकामी बाटली जवळ ठेवा आणि सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्या.

गुण

विमानतळ आणि मोठी स्थानकं : ५ पैकी ५. हायवेचे थांबे : ४. गावातले छोटे रस्ते आणि जुनी पर्यटनस्थळं : २. स्वच्छता : ५. परक्या माणसाला समजेल अशी माहिती : ३, बटणांमुळे.

वाट विचारायला एक वाक्य पुरे : ‘ओसुतोमेइतो तोइरे वा दोको देसु का?’ मोठ्या स्थानकातल्या कर्मचाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.