मानेच्या ऑपरेशननंतर सीटीत हाड जुळलेलं दिसलं नाही: थांबायचं की पुन्हा ऑपरेशन?

माझ्या मानेच्या ऑपरेशनला आठ महिने झाले तेव्हा सीटी स्कॅन काढला. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या काढून तिथे केज (गादीच्या जागी बसवायचा छोटा पोकळ ठोकळा) बसवलेत, पुढून प्लेट आणि स्क्रू. रिपोर्टाच्या शेवटी तीन ओळी होत्या. वरच्या जागी हाड जुळत आलंय. खालच्या जागी हाडाचा पूल दिसत नाही. आणि ज्या चौथ्या-पाचव्याला कोणी हातही लावला नव्हता, तिथल्या गादीला आता फुगवटा आहे.

कोपरखैरण्याच्या घरी ती फिल्म मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर धरली. स्क्रू पांढरेफटक दिसत होते आणि खालच्या दोन मणक्यांमध्ये एक काळी रेघ, नखाच्या कडेइतकी बारीक. हातातल्या मुंग्या गेल्या होत्या, रात्रीची झोप परत आली होती, वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्यावर हिशेबाचं काम मी परत सुरूही केलं होतं. तरी ती रेघ बघून मी ओट्याशी उभी राहून रडले. कॉलर, ठरलेली उशी, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, सगळं पाळलं होतं मी.

मग दोन सर्जन, दोन मतं. ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणाले, मागच्या बाजूने स्क्रू-रॉड टाकून पक्कं करून घेऊ. नणंद मला ठाण्यात ज्यांच्याकडे घेऊन गेली ते म्हणाले, वर्ष पूर्ण होऊ दे, मग बघू. दोघांनीही वेळ देऊन समजावलं आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. त्यामुळे ठरवायचं माझ्यावर आलं. तेव्हा जे वाचलं, विचारलं, वहीत उतरवलं ते इथे मांडते आहे. हाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेलं आणखी कोणीतरी असणारच.

रिपोर्टात नेमकं काय वाईट आहे?

आपल्याकडे मणक्याच्या कुठल्याही दुखण्याला ‘गॅप आलाय’ म्हणतात. त्या एका शब्दाने फार घोळ होतो. ऑपरेशननंतरचा स्कॅन निराश करतो तो तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि तिन्हींचा निर्णय वेगळा असतो.

पहिलं, मज्जारज्जूवरचा डाग. एमआरआयच्या रिपोर्टात ‘सिग्नल चेंज’ किंवा ‘मायलोमलेशिया’ असा शब्द येतो. दाब काढला तरी हा डाग कित्येकांच्या बाबतीत तसाच राहतो, चालणं आणि हात सुधारले तरीही. तेव्हा तो डाग दिसतो म्हणून ऑपरेशन फसलं असं धरू नका. विचारायचं ते इतकंच: डाग वाढलाय का, आणि त्या जागी अजून दाब आहे का?

दुसरं, शेजारच्या गादीचा नवा फुगवटा. याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली होती, आता सगळ्यात कमी वाटते. जपानमध्ये १९९८ साली मानेचा काहीच त्रास नसलेल्या ४९७ लोकांचे एमआरआय काढले होते. साठीच्या पुढच्यांत ८५ टक्क्यांहून जास्त गाद्या झिजलेल्या निघाल्या, आणि ही माणसं धडधाकट हिंडत-फिरत होती. दुसऱ्या बाजूला, १९९९ साली अमेरिकेत ३७४ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्युजननंतर, म्हणजे मणके हाडाने जोडून टाकण्याच्या ऑपरेशननंतर, शेजारच्या मणक्यापासून नवा त्रास सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी २.९ टक्के निघालं, म्हणजे दहा वर्षांत साधारण चारातल्या एकाला. हे फ्युजनमुळे होतं की वयाने होणारच होतं, यावर सर्जन लोकांत अजून वाद आहे. माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं: त्या पातळीच्या, म्हणजे मणक्यांच्या त्या जोडीच्या, नसेचा त्रास मला नाही, म्हणून आत्ता काहीच करायचं नाही.

तिसरं, हाड न जुळणं. खरा पेच इथे आहे.

एमआरआय, सीटी की मान वाकवून एक्स-रे?

घरातले सगळे म्हणत होते, परत एमआरआय कर, तो सगळ्यात भारी. नसेवर दाब आहे का, मज्जारज्जू कसा आहे, हे बघायला तो भारीच. पण हाड जुळलं का हे त्यात नीट कळत नाही, शिवाय टायटॅनियमच्या आसपास चित्र फाटल्यासारखं येतं. हाडासाठी सीटी, तोही बारीक कापांचा, आणि बाजूने-समोरून दोन्ही दिशांनी बांधलेली चित्रं पाहिजेत.

पण सीटीतली काळी रेघ हलते की नाही, हे सीटी सांगत नाही. ते काम साध्या एक्स-रेचं: एक मान पुढे वाकवून, एक मागे. मणक्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर दोन्ही फोटोंत मोजतात. कॉम्प्युटरवर चित्र दीडपट मोठं करून मोजल्यावर फरक १ मिलिमीटरच्या आत असेल, तर ती जागा स्थिर धरतात. माझ्या पहिल्या फाइलीत हा एक्स-रे नव्हताच. ठाण्याच्या डॉक्टरांनी तो आधी काढायला लावला. सीटीपेक्षा कितीतरी स्वस्त तपासणी, आणि माझ्या निर्णयाचं पारडं तिनेच फिरवलं. तुमच्या फाइलीत तो नसेल तर मागून घ्या.

थांबणं आणि पुन्हा ऑपरेशन, समोरासमोर

थांबण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. मानेच्या फ्युजनला सहा महिने ते वर्ष लागतंच, दोन किंवा तीन पातळ्या असल्या की जास्तच, आणि काहींचं हाड वर्ष उलटल्यावरही भरत राहतं. सहाव्या-आठव्या महिन्यात ‘पूल दिसत नाही’ याचा अर्थ ‘अजून दिसत नाही’ असाही असू शकतो. वर्षाच्या आत ‘जुळलं नाही’ असा शिक्का सहसा मारत नाहीत. दुसरी गोष्ट, हाड न जुळलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कसलाच त्रास नसतो. मध्ये घट्ट तंतूंची जोड तयार होते, ती हलत नाही, आणि माणूस आपलं काम करत राहतो.

थांबण्याचे तोटेही खरे आहेत. जागा हलत असेल तर स्क्रू सैल होतो, क्वचित तुटतो किंवा पुढे सरकतो, मग घास अडकल्यासारखा होतो. केज खाली मणक्यात रुतला तर नसेच्या वाटेची उंची कमी होते आणि जुनी कळ परत येते. आणि रोजचं दुखणं असेल तर ‘अजून चार महिने’ हे सांगणाऱ्याला सोपं असतं. रोज तुर्भे-वाशी रिक्षाने खड्ड्यांतून जाणाऱ्याला ते चार महिने कसे जातात, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. गोळ्यांवर दिवस काढत असाल तर एक विचारून घ्या: काही वेदनाशामक गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर हाड भरायला अडथळा करू शकतात.

ऑपरेशनच्या बाजूने बोलायचं तर, दुखणं खरोखर न जुळलेल्या हाडाचंच असेल तर ते पक्कं केल्यावर आराम पडतो. पण हा ‘तर’ फार मोठा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. पहिल्या ऑपरेशननंतर दोन-चार महिने छान गेले आणि मग मानेत, खांद्याच्या पात्याशी परत दुखायला लागलं, हालचालीने वाढतं, पडून राहिलं की कमी होतं, तर संशय हाडावर जातो. पहिल्या दिवसापासून आराम पडलाच नसेल तर गोष्ट वेगळी असू शकते. नसेवर दाब राहून गेला असेल, खांद्याचा सांधा असेल, किंवा मनगटात नस दबत असेल. बोटांच्या मुंग्यांसाठी नसांची विजेची तपासणी करून घेतली तर मनगट की मान हे बरंचसं स्पष्ट होतं. दुखणं मनगटाचं आणि ऑपरेशन मानेचं, असं होऊ देऊ नका.

पुन्हा ऑपरेशन करायच्या आधी हाड का जुळलं नाही, हे शोधायलाच हवं. तंबाखू हे पहिलं कारण, आणि त्यात फक्त सिगारेट येत नाही. गुटखा आणि मिश्रीही येते. आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘मला काही व्यसन नाही’ असं मनापासून सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. डॉक्टर विचारत नाहीत, त्या सांगत नाहीत. निकोटीन हाडाचं भरणं मागे ढकलतं, मग ते धुरातून जावो की हिरडीतून. तुमच्या आईची किंवा सासूची फाइल घेऊन फिरत असाल तर हे तुम्हीच सांगा. मग साखर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हाडांची ठिसूळता, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड. आणि दबलेला जंतुसंसर्ग, ज्यासाठी रक्तात सीआरपी आणि ईएसआर बघतात. माझं ड जीवनसत्त्व अगदी तळाला होतं. पहिल्या ऑपरेशनच्या आधी ते कोणी तपासलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. ते तसंच ठेवून दुसरं ऑपरेशन करणं म्हणजे ओल न थांबवता भिंतीला रंग देणं.

करायचंच ठरलं, तर पुढून की मागून?

पुढून परत जायचं म्हणजे जुन्या व्रणातून वाट काढायची. अन्ननलिका आणि आवाजाची नस तिथेच. गिळायला त्रास, आवाज बसणं याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पुढूनच, पण गळ्याच्या दुसऱ्या बाजूने (उजवीऐवजी डावीकडून किंवा उलट) चीर द्यायची असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दोन्ही स्वरतंतू हलतात ना, हे बघून घेतात. ते सुचवलं गेलं नाही तर तुम्ही विचारा. केज सरकला असेल, प्लेट निघाली असेल किंवा पुढून दाब राहिला असेल, तर मात्र पुढून जाण्याला पर्याय कमी.

मागून गेलं तर जागा कोरी मिळते, पकड भक्कम बसते आणि हाड जुळण्याची खात्रीही पुढच्या वाटेपेक्षा जास्त. त्याची किंमत म्हणजे मानेचे स्नायू सोडवावे लागतात, रक्त जास्त जातं, जखमेत पू होण्याची भीती जास्त आणि सुरुवातीचं दुखणं बऱ्यापैकी. ज्या मावशी पहिल्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी घरात फिरत होत्या, त्यांनी या वेळीही तसंच होईल असं धरून चालू नये. घरी कोण राहणार, रजा किती, हे आधी ठरवा.

हाड जुळायला मदत व्हावी म्हणून गळ्यात घालायचा चुंबकीय पट्टाही सुचवतात, रोज चार तास. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा एकाहून अधिक पातळ्या असलेल्या रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांना पट्टा लावलेल्यांपैकी ८३.६ टक्क्यांचं हाड जुळलेलं होतं, न लावलेल्यांपैकी ६८.६ टक्क्यांचं. बारा महिन्यांना मात्र फरक इतका कमी झाला की त्याला पक्का फरक म्हणता येईना. हे आकडे नव्या ऑपरेशनचे आहेत, आठ महिन्यांनी अडलेल्या हाडाचे नव्हेत. मी पट्टा घेतला नाही.

जिथे निवड उरत नाही

शर्टाची बटणं लावता येईनाशी होणं, अक्षर बिघडणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, हात-पाय दिवसेंदिवस कमजोर होणं, मान वाकवली की पाठीतून वीज उतरल्यासारखं वाटणं. यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर ‘थांबावं का’ हा प्रश्नच राहत नाही, त्याच दिवशी सर्जन गाठा. ताप आणि जखमेशी सूज किंवा स्राव असेल तरी तेच.

दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टाचा कागद पुरत नाही. स्कॅन सेंटरवरून सीडी मागून घ्या, ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय, ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रे आणि ऑपरेशन नोटसुद्धा न्या. सुरुवातीला केज कुठे होता हे माहीत नसेल तर आता रुतलाय का, हे कोण कसं सांगणार? शक्य असेल तर पुढचा सीटी त्याच सेंटरला काढा, तुलना सोपी होते. खासगीत दोन मतं जुळेनात तर मुंबईत केईएम किंवा सायनच्या ओपीडीचा रस्ता आहेच. रांगेत वेळ जातो, पण तिथे ऑपरेशनचं गिऱ्हाईक म्हणून कोणी बघत नाही.

माझं ठरलं ते असं. वाकवून काढलेल्या एक्स-रेत खालची जागा हलत नव्हती. दुखणं होतं, पण रात्रीची झोप मोडत नव्हतं. वर्षाला चार महिने बाकी होते. म्हणून थांबायचं, ड जीवनसत्त्व भरून काढायचं आणि तेराव्या महिन्यात पुन्हा सीटी. तो येईपर्यंत बोटांचं बळ गेलं किंवा तोल बिघडला तर न थांबता मागून ऑपरेशन. हे मी पहिल्या सर्जनना जाऊन सांगितलं. त्यांनी फाइलवर तसं लिहिलं आणि कोणत्या लक्षणांना थेट फोन करायचा, तेही खाली लिहून दिलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक तपासणी घरी करायला शिकवली आहे. मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, दहा सेकंदांत जितक्या वेळा होईल तितकी. वीस किंवा जास्त झाल्या तर ठीक. दर रविवारी चहा झाला की लेक मोबाइलवर वेळ लावते आणि मोठ्याने मोजते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहून ठेवतो. गेल्या रविवारी उजव्या हाताच्या तेवीस झाल्या, डाव्याच्या एकवीस.