फॉर्म.आयओचा बिल्डर: फील्डच्या सेटिंगची खिडकी

मी ग्रंथपाल आहे. प्रोग्रामिंग येत नाही. तरी सभासद नोंदणीचा ऑनलाइन अर्ज मीच बनवते आणि त्यातले बदलही मीच करते, म्हणून फॉर्म.आयओ या ऑनलाइन अर्ज बनवण्याच्या साधनातल्या व्हिज्युअल बिल्डरबद्दल, म्हणजे कोड न लिहिता अर्ज मांडण्याच्या सोयीबद्दल, माझ्यासारख्यांसाठी लिहिते आहे. डावीकडून फील्ड, म्हणजे माहिती भरायची चौकट, उचलून पानावर सोडणं आता सगळ्याच साधनांत जमतं. साधनाची पारख होते ती फील्ड सोडल्यावर उघडणाऱ्या सेटिंगच्या खिडकीत.

इथली खिडकी मला मनापासून आवडली. साधं टेक्स्ट फील्ड घेतलं तरी डिस्प्ले, डेटा, व्हॅलिडेशन, एपीआय, कंडिशनल, लॉजिक, लेआउट एवढे टॅब समोर येतात आणि पहिल्यांदा छाती दडपते. पण विभागणी विचारपूर्वक केली आहे. भरणाऱ्याला काय दिसेल ते एका टॅबमध्ये, काय साठेल ते दुसऱ्यात, काय चालेल आणि काय नाही ते तिसऱ्यात. उजवीकडे फील्डचा नमुना असतो. लेबल बदललं, खाली सूचना लिहिली की तो लगेच बदलतो. सेव्ह करेपर्यंत अर्जाला धक्का लागत नाही, त्यामुळे निर्धास्तपणे करून बघता येतं.

एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करण्याची सोय) हे नाव वाचून पुष्कळ जण त्या टॅबकडे फिरकत नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्यावं. तिथलं ‘प्रॉपर्टी नेम’ म्हणजे माहिती ज्या नावाखाली साठते ते नाव. त्यात रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर, टिंब आणि डॅश एवढंच चालतं, म्हणून लेबल मराठीत असलं तरी हे नाव स्वतः विचार करून रोमनमध्ये द्या. लेबल पुढे कितीही वेळा बदला. ‘मोबाइल’चं ‘संपर्क क्रमांक’ केलं तर काही बिघडत नाही. अर्ज येऊ लागल्यावर प्रॉपर्टी नेम बदललं, तर जुनी माहिती जुन्या नावाखाली राहते, नवी नव्या नावाखाली जाते, आणि यादी काढताना एकाच गोष्टीचे दोन रकाने होतात.

डेटा टॅबमधल्या ‘क्लिअर व्हॅल्यू व्हेन हिडन’वर सुरुवातीपासूनच टिक असते. समजा, ‘विद्यार्थी आहे’वर टिक केली की संस्थेचं नाव विचारणारं फील्ड दिसतं. टिक काढली की ते लपतं आणि त्यात लिहिलेलं नावही जातं. मला हे योग्य वाटतं. गरज नसलेली माहिती आपल्याकडे राहू नये. लपलेल्या फील्डमधली माहिती जपायचीच असेल, तर मात्र ही टिक आठवणीने काढावी लागते.

व्हॅलिडेशनमध्ये ‘व्हॅलिडेट ऑन’ला चेंजऐवजी ब्लर निवडा, असं मी आग्रहाने सांगेन. मग तपासणी प्रत्येक अक्षरागणिक न होता फील्डमधून बाहेर पडल्यावर होते. आमचे ज्येष्ठ सभासद एकेक आकडा शोधून टाइप करतात. नंबर अर्धा असतानाच लाल अक्षरं झळकली की ते हात आवरतात. चूक दाखवणारा संदेशही स्वतः लिहिता येतो, तो सरळ मराठीत लिहावा. फोनसाठी डिस्प्लेमधल्या इनपुट मास्कमध्ये, म्हणजे काय टाइप करता येईल ते ठरवणाऱ्या साच्यात, नऊचा आकडा दहा वेळा लिहिला की अंकांशिवाय दुसरं काही टाइपच होत नाही. त्याच टॅबमधल्या ऑटोकम्प्लीटमुळे ब्राउझर साठवलेला नंबर सुचवतो, तेवढेच श्रम वाचतात.

लॉजिक आणि लेआउटची मला फारशी गरज पडत नाही.

फॉर्म दाखवणारी लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, तयार कोडचा संच) एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येते. फॉर्म.आयओचाच सर्व्हर घेतला तर व्हॅलिडेशनचे नियम तिथेही तपासले जातात. नुसती लायब्ररी घेऊन माहिती स्वतःच्या सर्व्हरवर साठवणार असाल, तर तिथली तपासणी जाणकाराकडून वेगळी लिहून घ्या, कारण ब्राउझरमधली तपासणी चुकवून थेट सर्व्हरकडे माहिती पाठवता येते.