ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) नेण्याआधी: व्हीआर चष्मा, गुंगीचं सिरप की आपला मोबाईल?

दोन वर्षांपूर्वी भाच्याचे टॉन्सिल काढायला सांगलीहून मिरजेला गेलो होतो. पोरगं सहा वर्षांचं. ओटीच्या दारात त्यानं माझा शर्ट असा धरला की वरचं बटणच तुटून हातात आलं. सिस्टरांनी एकेक बोट सोडवून त्याला आत नेलं. आता त्याच्या धाकट्या बहिणीचा नंबर आहे, म्हणून भीती कमी करायच्या या तीन उपायांची या वेळी आधीच चौकशी केली.

सिरप म्हणजे बहुतेक वेळा मिडाझोलॅम. किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, भुलीच्या वीस-तीस मिनिटं आधी. चव कडू, पोरानं थुंकलं की पोटात किती गेलं याचा पत्ता लागत नाही. पण लागू पडलं की मूल सैलावतं, आईच्या कडेवरून मुकाट उतरतं आणि पुष्कळदा तो प्रसंग त्याला आठवतही नाही. उलट, नंतर जाग यायला उशीर होऊ शकतो आणि एखादं मूल गुंगायचं सोडून चवताळतं. मूल झोपेत घोरत असेल, श्वास अडकत असेल, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. आम्ही विसरलो होतो.

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य दाखवणारा चष्मा. त्यात दोन तऱ्हा आहेत, आणि कुठली ते विचारून घ्या. एकीत नुसता गेम किंवा कार्टून. दुसरीत ट्रॉली, मोठे दिवे, मास्क असं सगळं दाखवत ओटीची आधीच फेरी मारून आणतात. कोरियात 4 ते 10 वर्षांच्या 69 मुलांवर प्रयोग झाला, 2017 साली छापून आला. कार्टूनमधल्या पेंग्विनसोबत चार मिनिटांची फेरी केलेल्यांचा भीतीच्या मोजपट्टीवरचा मधला आकडा 31.7, बाकीच्यांचा 51.7 (आकडा कमी म्हणजे भीती कमी). हे वाचून मी हुरळलो होतो. मग नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा 191 मुलांवरचा व्हीआरचा अभ्यास वाचला. तिथं भीतीत फरकच पडला नाही. फक्त टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) काढलेल्यांना नंतर वेदनेचं जादा औषध कमी वेळा लागलं.

शिवाय चष्मा अर्ध्या किलोच्या आसपास. काहींना मळमळतं. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. घरगुती वापरासाठी मेटा कंपनीनं आपल्या क्वेस्ट या व्हीआर चष्म्याची किमान वयाची अट 2023मध्ये 13वरून 10वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीत.

मोबाईल? फुकट आणि ओळखीचा. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015च्या आढाव्यात कार्टून आणि हातातले गेम उपयोगी पडतील असं दिसलं होतं. आई-बाबा सोबत आत गेल्यानं मात्र मुलाची भीती कमी होत नाही असा त्यांचा निष्कर्ष. आमच्या ताईला तो अजून पटलेला नाही.

रविवारी शेजारच्या पोराचा व्हीआर बॉक्स आणून भाचीच्या डोळ्यांवर धरला. चार वर्षांची बाई ती, टोपीसुद्धा डोक्यावर ठेवत नाही; तीन सेकंदांत ढकलून दिला. तेव्हा तिच्यासाठी मोबाईल, आणि भूलतज्ज्ञ हो म्हणाले तर सिरप. सात-आठ वर्षांचं, प्रश्न विचारून भंडावणारं मूल असेल तर मी फेरीवाला व्हीआर निवडेन, पण आदल्या दिवशी, निवांतपणे. ऐन दारात नव्हे.

भाच्यालाही विचारलं, तुला तेव्हा काय हवं होतं रे? म्हणाला, "मामा, त्या मास्कला घाण वास येतो एवढं तरी आधी सांगायचं होतं."