अमिओडॅरोन २०० मिलिग्रॅम : तीन वर्षं घेतल्यावर

आत्ता लिहायला बसण्याआधी नाडी मोजली. ६४, आणि सरळ. तीन वर्षांपूर्वी हीच नाडी मोजायला घेतली की मोजताच यायची नाही. तीन ठोके घाईघाईत, मग एक गायब, मग दोन एकावर एक, मग कितीतरी वेळ काहीच नाही. घड्याळाचा काटा पुढे जायचा आणि माझं बोट मनगटावर तसंच अडकून पडायचं.

माझं वय ६१. शिवणकाम करते, घरीच, पायमशीनवर. पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं. हे वरच्या कप्प्यांचं दुखणं. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांना मिळेल तेव्हा मिळेल तसा इशारा पोहोचतो. रक्त साचून गाठ व्हायची भीती असते, म्हणून गाठ होऊ न देणारी गोळी पहिल्या दिवसापासून. मला वॉरफरीन दिली होती.

अमिओडॅरोन ही ठोक्यांची लय लावणारी गोळी. तिच्या आधी चार महिने मेटोप्रोलोलवर होते. वाईट औषध नाही, आजही चालू आहे. पण ते वेग आवरतं, लय लावत नाही. १४० वरून ९० वर आले, ठोके मात्र तसेच विस्कटलेले. पायपट्टी पाच मिनिटं मारली की दम लागायचा आणि ब्लाऊजची एक बाही जोडून मी उठून आडवी व्हायचे.

तपासणीला बसले असताना एक बाई भेटल्या, माझ्याच वयाच्या. त्यांना फ्लेकेनाइड नावाच्या लय लावणाऱ्या दुसऱ्या गोळीने आठ दिवसांत फरक पडला होता आणि त्रास काहीच नव्हता. मी आत गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला, मला ती का नाही? डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना ती गोळी दिल्यावर, गोळी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं दगावली, हे १९८९ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्या बाईंचं हृदय धडधाकट होतं, माझं नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही मिळावी असं मी कधी म्हणाले नाही. आजाराचं नाव एक असलं तरी आतलं हृदय प्रत्येकाचं वेगळं असतं.

आता मूळ गोळीबद्दल. पहिला आठवडा दिवसाला तीन, दुसरा आठवडा दोन, मग रोज एक. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही आणि मला वाटलं, हीही वाया गेली. हे औषध चरबीत, यकृतात, फुप्फुसांत मुरत जातं आणि मुरल्यावरच नीट काम करतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते पंधरा दिवस सोपे गेले असते. चोविसाव्या दिवशी पडद्याची लांब शिलाई चालली होती. मशीन थांबवून धागा तोडला तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून छातीकडे लक्षच गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीत लय परत आलेली होती. शॉक द्यावा लागला नाही. रात्री डाव्या कुशीवर झोपले, कानात ढोल नाही. त्या रात्रीसाठी मी या गोळीची कायम ऋणी आहे.

ठोक्यांसाठी पाचपैकी पाच. बाकी शरीरासाठी मात्र अडीचच्या वर देणार नाही, त्याचं कारण पुढे.

पहिला फटका वॉरफरीनचा. अमिओडॅरोन सुरू करताना वॉरफरीन एक तृतीयांश कमी केली होती, तरी पाचव्या आठवड्यात दात घासताना गुळणीत रक्त दिसलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, ४.६. माझा असायला हवा २ ते ३ मध्ये. ही गोळी वॉरफरीनचा जोर वाढवते आणि तो जोर एकदम येत नाही, आठवड्या-आठवड्याने चढत जातो. त्यानंतर दोन महिने दर आठवड्याला रक्त दिलं, तेव्हा कुठे नवा डोस बसला. दोन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी सुरुवातीला आयएनआरची एकही तारीख चुकवू नये, हे मी कळकळीने सांगते. माझी कोलेस्टेरॉलची गोळीही तेव्हाच बदलली, कारण सिम्वास्टॅटिन अमिओडॅरोनसोबत २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

मग हात. सहाव्या महिन्यात सुईत धागा ओवेना. डोळ्यांचा दोष समजून चष्मा तपासून घेतला, नंबर तोच होता. नीट बघितलं तेव्हा दिसलं, धाग्याचं टोक हलतंय. ओलं करून, तिरकं कापून, दोन्ही कोपरं मशीनच्या फळीवर टेकवून बघितलं. टोक सुईच्या नेढ्यापाशी जायचं आणि पाखराच्या चोचीसारखं दोन्ही बाजूंना टोचत राहायचं. काज करणं तर बंदच पडलं. चाळीस वर्षं या हातांवर घर चाललंय, त्यामुळे हे मी कुणाला पटकन सांगितलं नाही. मुलीने पाहिलं. ती म्हणाली, "आई, हे त्या गोळीचंच असणार, तू फोन कर." केला. कंप हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे, असं कळलं. ईसीजी पाहून गोळी निम्मी केली, १००. कंप जायला जवळजवळ अडीच महिने लागले. निम्मं औषध अंगातून बाहेर पडायलाच सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात. कुणाला याहून कितीतरी कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणून डोस कमी केल्यावर आठ दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून रागावू नये. आणि एखादा दिवस चुकला तर घाबरून दोन गोळ्याही घेऊ नयेत.

संध्याकाळी मशीनच्या दिव्याभोवती निळसर कडं दिसायचं, तेही हिच्यामुळेच. बुबुळावर औषधाचे बारीक कण बसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहून घेतलं, नजरेला धोका नाही म्हणाले. उन्हाचं मात्र सांभाळावं लागतं. खिडकीशी बसून दोन तास हातशिलाई केली आणि डाव्या हाताची पाठ भाजल्यासारखी लाल झाली. आता बाही लांब आणि खुर्ची आतल्या बाजूला.

सगळ्यात जास्त भोगलं ते थायरॉइडने, आणि त्यात चूक माझी होती. सहा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आणि यकृताची तपासणी करायची, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिली केली. दुसरीच्या वेळी बरं वाटत होतं, कामं साचली होती, पुढे ढकलली. तीन महिन्यांत चेहरा सुजला, भर दुपारी शाल लागायला लागली, नाडी ४८ वर आली. वयाचं असेल म्हणून बसून राहिले. टीएसएच निघालं २२. एका २०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. गोळीतलं सगळं आयोडीन शरीरात मोकळं होत नाही, पण होतं तेवढंही थायरॉइडला पेलवत नाही. कुणाचं मंदावतं, कुणाचं उलट भडकतं. माझं मंदावलं. त्याची गोळी पहाटे उपाशीपोटी सुरू झाली, दोन महिन्यांत माणसात आले. अमिओडॅरोन बंद करावी लागली नाही.

कुणी मला विचारलं, घेऊ का, तर मी असं सांगेन. तरुण असाल, हृदय मजबूत असेल, तर आधी दुसऱ्या गोळ्यांबद्दल आणि अब्लेशनबद्दल, म्हणजे नळी घालून हृदयातली लय बिघडवणारी जागा निकामी करण्याबद्दल, डॉक्टरांशी बोला. माझ्यासारखं पंपिंग कमी असेल तर पर्याय थोडेच उरतात आणि ही गोळी त्यांतली खात्रीची आहे. घ्या, पण एक वही घाला. माझ्या वहीत रोजची नाडी, आयएनआर, टीएसएच, यकृताचे आकडे, एक्स-रेची तारीख आणि अंगात जाणवलेलं काहीही, एका ओळीत. डॉक्टर आता ती वही आधी मागतात आणि मग स्टेथोस्कोप लावतात.

गेल्या आठवड्यात दोन दिवस कोरडा खोकला होता. सर्दी नाही, ताप नाही. या औषधाने फुप्फुसांना सूज येऊ शकते, म्हणून वहीत लिहिलं आणि त्याच दिवशी फोन केला. एक्स-रे दोन महिन्यांनी ठरला होता, तो त्यांनी याच आठवड्यात काढायला सांगितलाय. उद्या सकाळी जायचंय, मुलगी येतेय सोबत.